माय सोमवार म्हणत नव्हती

"वार म्हणायला सांग तिला."

"कसले वार?"

"आठवड्याचे. रविवारपासून. शाळेत पोरांकडून म्हणवून घेतोस ना? तसे."

डॉक्टर खुर्चीत बसला होता. त्याच्या शेजारच्या खुर्चीत गोरा साहेब. इन्स्पेक्टर खिडकीला टेकून उभा. आणखी एक खुर्ची होती, तिच्यावर डॉक्टरची टोपी ठेवली होती. मी जमिनीवर. समोर लोखंडी खाटेवर माझी माय. तिची मनगटं पट्ट्यांनी खाटेच्या दांड्यांना बांधलेली. पायांना अजून बाजाराच्या वाटेचा चिखल.

मी तिला गोंडीत विचारलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. घाबरलेली होती, पण माझा चेहरा तिच्याहून जास्त उतरला असावा. मला धीर यावा म्हणून ती हसली आणि बाजारात बोलायची तशा झाडीबोलीत म्हणाली, "का बाबू, मलेच सारेत बसवून राहिला का?"

"म्हण माय. म्हणून टाक."

"आइतवार," ती म्हणाली. "बाजार. मंगरवार. बुधवार..."

डॉक्टर मांडीवर थाप मारून हसला. "बघा!" तो साहेबाला इंग्रजीत म्हणाला. "मी सांगितलं नव्हतं?" मग माझ्याकडं वळून, "तिला म्हण, बाजार हा वार नसतो. नीट नाव घे."

मायला एवढी मराठी कळत होती. तिनं पदर पुढं ओढायला हात हलवला. हात बांधलेला होता. मग तिनं तोंड भिंतीकडं केलं.

मेली तरी ती एवढा एक वार बोलणार नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं असं मला वाटलं. तसं नव्हतं. डॉक्टरलाही माहीत होतं. म्हणून तर तो हसत होता.

माझ्या बापाचं नाव सोमा.

आमच्या घरात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य सरतं, असं मायला तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. नुसतं नावच नाही. ज्या शब्दात ते नाव येतं तो शब्दही नाही. आमच्या गावचा बाजार सोमवारी भरतो, म्हणून मायनं त्या वाराला बाजार हेच नाव ठेवलं होतं. मी पहिलीत वार शिकून आलो आणि अंगणात उभं राहून ओरडून म्हणायला लागलो, तेव्हा तिनं धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला होता. हाताला मोहाचा वास होता. मग तिला आठवलं की मला बंदी नाही. "तू म्हन," ती म्हणाली. "तू म्हन, मी आयकते." आणि ती चुलीपाशी बसून ऐकत राहिली. मी सोमवार म्हटलं की ती खाली बघून हसायची.

पटवारी दारात येऊन घरधन्याचं नाव विचारायचा, तेव्हा शेजारीण कुडापलीकडून ओरडून ते सांगायची. शेजारणीकडं पटवारी गेला की माय ओरडायची. गल्लीतल्या बायांचं हे ठरलेलं होतं. प्रत्येकीच्या नवऱ्याचं नाव दुसरीच्या तोंडी. त्यात मोठी मजा चालायची. "तुह्या बुढ्याचं नाव घेऊन घेऊन माही जीभ झिजली वं," असं शेजारीण म्हणायची आणि दोघी हसून लोळायच्या.

बेचाळीसचं साल होतं. भादवा. आमच्याकडच्या काही माणसांनी रेल्वेच्या बाजूनं जाणाऱ्या तारा तोडल्या. बा जंगलखात्याच्या कुपावर, तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यात, सागाची तोड करणारा माणूस. कुऱ्हाड त्याच्याकडं होतीच. तो त्यांच्यात होता. तारा तुटल्या, खांब पडले आणि बा जंगलात गेला तो आला नाही. सोमा सापडला की बाकीचे सापडतील, असं पोलिसांच्या डोक्यात बसलं. आमचं घर उलटंपालटं केलं. धानाच्या कोठीत संगिनी खुपसल्या. काही मिळालं नाही.

मग त्यांनी मायला बाजारातून उचललं. ती वास्ते विकायला बसली होती. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, पावसाळ्यात आमच्याकडच्या बाया जंगलातून काढून आणतात. टोपली तिथंच राहिली.

मी तेव्हा तिथून काही कोसांवरच्या गावी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. गोंदियाच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेला. आमच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीत, तेवढं शिकलेला दुसरा कोणी नव्हता. वर्ग चालू असताना इन्स्पेक्टर दारात आला. गोंदियाचा माणूस, हिंदीतच बोलायचा. मोठ्या आदरानं म्हणाला, "चलो मास्टर. तुम्हारी माँ को थोड़ा बुखार है. डॉक्टर साहब देख रहे हैं."

वाटेत त्यानं बाकीचं सांगितलं. "तुम समझदार आदमी हो. तुम्हारी माँ डॉक्टर से बात नहीं कर पाती. वो जो बोलेगी, तुम बता देना. शाम को माँ-बेटा दोनों घर."

"काय विचारायचं आहे तिला?"

"अरे, मामूली बात."

आम्ही गेलो ते दवाखान्यात नाही. एका मोठ्या तलावाच्या पाळीवर कालव्याच्या साहेबांसाठी बांधलेला बंगला आहे, तिथं. तलावाचं नाव लिहीत नाही. तिथं आजही लोक मासे धरतात आणि धानाच्या रोवणीला पाणी घेतात, त्यांचा काय दोष. बंगल्याच्या वऱ्हांड्यातून सगळं पाणी दिसायचं. खिडक्यांना मात्र आतून कांबळी लावली होती. भर दुपारी आत कंदील.

इथून पुढं लिहिताना मी बसून राहू शकत नाही. दोन ओळी होतात आणि उठतो. अंगणात चकरा मारतो. पुन्हा येतो तोवर टाक सुकलेला असतो.

मी जमिनीवर बसलो होतो आणि ते माझ्या डोक्यावरून इंग्रजीत बोलत होते. एक गोष्ट ते विसरले होते. दुभाष्या आणला म्हणजे दोन्हीकडचं कळणारा माणूस आणला. त्यांच्या हिशेबी मी फक्त मायची भाषा त्यांच्याकडं नेणारा नळ होतो. त्यांचं बोलणं माझ्या कानात शिरेल हे त्यांच्या मनातच आलं नाही.

गोरा साहेब लष्करातला होता. सगळे त्याला कप्तान म्हणत. कुठल्या खात्याचा, ते कोणी बोललं नाही. त्यानं विचारलं, "हे घेतल्यावर माणूस खरंच बोलतो, की नुसतं बरळतो? कसं ओळखायचं?"

"त्यासाठीच हे वार," डॉक्टर म्हणाला. "शुद्धीत असताना जी गोष्ट ती जीव गेला तरी बोलणार नाही आणि जी आपल्याला आधीच माहीत आहे, ती तिच्याकडून वदवून घ्यायची. ती बोलली, की कुलूप उघडलं. मग आपल्याला माहीत नाही ते विचारायचं."

"कैद्यांवर का नाही करत?"

"कैद्यांचे वकील असतात. कौन्सिलात प्रश्न विचारले जातात. हिच्याबद्दल कोण विचारणार आहे?"

कप्तान हसला नाही. म्हणाला, "कागदावर काही नको. वरून तसाच हुकूम आहे."

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाला. "शिवाय या लोकांत बुद्धी बेताचीच. औषध लवकर चढतं."

हे शब्द मी तेव्हाच पाठ केले. कविता पाठ करावी तसे.

डॉक्टर नागपूरकडचा. चांगल्या घरचा, स्वच्छ बोलणारा. सुईत औषध भरता भरता माझ्याशी गप्पा मारल्यासारखा म्हणाला, "घाबरू नकोस, मास्तर. तुमच्या उकिरड्यावर धोतरा उगवतो ना? त्याच्याच कुळातलं सत्त्व आहे. फक्त शुद्ध केलेलं."

धोतरा. आमच्यातली पोरं चालायला लागली की पहिल्यांदा त्या झाडाकडं बोट दाखवून त्यांना दटावतात. मायनं मलाही दटावलं होतं.

"माय, सुई आहे," मी म्हणालो.

"कायले?" तिनं विचारलं. "मले तं काई झालं नाई."

याचं उत्तर मी डॉक्टरकडं मागितलं. "तिला विचारायचंय, कशासाठी?"

"सांग तापाचं आहे."

मी तसं सांगितलं नाही. म्हटलं, "माय, हे लोक सांगत नाहीत." तिनं मान हलवली. डॉक्टरनं सुई टोचली.

मग सगळे वाट बघत राहिले. इन्स्पेक्टरनं पान लावलं. तलावावर कुठं तरी टिटवी ओरडत होती. मायचा चेहरा लाल होत गेला, चुलीपुढं बसल्यासारखा. डोळ्यांतला काळा भाग पसरत गेला, पसरत गेला, आणि ती माझ्याकडं बघत असूनही मी तिला दिसेनासा झालो.

"पानी," ती म्हणाली.

कोपऱ्यात माठ होता. मी उठलो.

"बस खाली," डॉक्टर म्हणाला. "नंतर."

"तिचं तोंड कोरडं पडलंय."

"पडणारच. औषधाचा गुण आहे तो. आधी वार, मग पाणी."

माय ओठ चाटत होती. जीभ ओठांना चिकटून सुटल्याचा आवाज येत होता. तिची मनगटं बांधलेली होती, पण बोटं मोकळी होती. त्या बोटांनी ती अंगावरच्या घोंगडीवरून काहीतरी वेचायला लागली. एकेक. हलक्या हातानं. मला कळायला वेळ लागला नाही. ती मोहफुलं वेचत होती. चैत्रात पहाटे झाडाखाली बसून वेचते तशी.

"बाबू, टोपली धर," ती म्हणाली.

मी तिच्या बोटांखाली ओंजळ धरली. तिनं माझ्या ओंजळीत काहीच नसलेलं काहीतरी टाकलं. पुन्हा वेचलं. पुन्हा टाकलं.

"हात बाजूला घे," डॉक्टर म्हणाला. "वार विचार."

मी विचारलं नाही. मग त्यानं स्वतःच तिच्या कानापाशी वाकून विचारलं. गोड आवाजात, मुलाला खेळवल्यासारखं. "बाई, वार म्हण बघू. आइतवार..."

"आइतवार," माय म्हणाली.

थांबली. कप्तान खुर्चीत पुढं सरकला.

"सोमवार," माय म्हणाली.

आणि पुढं गेली नाही. तिथंच राहिली. "सोमवार. सोमवार. सोमा. सोमा." आयुष्यात पहिल्यांदा तोंडात आलेला शब्द ती चाखून बघत होती. आवाज तिचा नव्हता. म्हणजे तिचाच होता, पण मी जन्मायच्या आधीचा. नुकत्याच लग्न होऊन आलेल्या पोरीचा. त्यात भीती नव्हती, लाज नव्हती. तो आवाज ऐकायचा हक्क जगात एकाच माणसाला होता, आणि तो जंगलात होता. ऐकत होते ते हे तिघं. आणि मी.

डॉक्टरनं टाळी वाजवली. "उघडलं!"

इन्स्पेक्टर पोट धरून हसत होता. "वाह डॉक्टर साहब! एक सुई मेरी घरवाली को भी लगा दो. शादी को इतने बरस हो गए, कभी नाम नहीं लिया कमबख्त ने!"

कप्ताननं घड्याळात पाहिलं. "आता खरा प्रश्न," तो म्हणाला.

"पाणी द्या तिला," मी म्हणालो. "तुम्ही म्हटलं होतं, वार म्हटले की पाणी."

कोणी लक्ष दिलं नाही. डॉक्टर पुन्हा वाकला. "बाई, तुझा सोमा कुठं आहे?"

आणि मायनं सांगितलं.

गोंडीत सांगितलं. औषधानं तिची बाजाराची बोली पार पुसून टाकली होती. राहिली ती तिच्या मायची भाषा. ती भरभरून बोलत होती. कुठल्या वाटेनं जायचं, कुठला नाला ओलांडायचा, कोणाच्या घरी तो झोपतो, कोण त्याला आंबील नेऊन देतं, त्याला खोकला कसा झालाय, ओल्या जमिनीवर झोपून. जागेचं नाव तिनं घेतलं ते आमच्यातलं नाव. सरकारी नकाशात त्या जागेला नावच नाही.

इन्स्पेक्टरचं हसू थांबलं. "क्या बोली?"

मला सगळं कळलं होतं. त्या खोलीत माझ्या बापाचा जीव कोणाच्या हातात असेल तर तो आता माझ्या जिभेवर होता.

पहिला विचार खोटं सांगायचा आला. कुठलंही गाव सांगावं. पण त्या गावात काय होईल ते मला दिसलं. लाठ्या. ओढून काढलेल्या बाया. कोठ्यांत खुपसलेल्या संगिनी. मी ज्या गावाचं नाव घेईन त्या गावावर ते पडणार होतं. घेण्यासारखं एकही नाव माझ्याकडं नव्हतं.

"मास्टर! क्या बोली तुम्हारी माँ?"

मी उभा राहिलो.

"मी सांगणार नाही."

इन्स्पेक्टरनं डॉक्टरकडं पाहिलं. मग डॉक्टर म्हणाला, अगदी शांतपणे, वर्गात चुकलेल्या मुलाला म्हणावं तसं, "तुला भाषांतरासाठी आणलंय. विचार करायला नाही."

त्या क्षणापर्यंत मी त्याला मानत होतो. हे मला तेव्हाच कळलं, आणि कळलं तेव्हाच संपलं. शिकलेला माणूस म्हणून मी त्याला मानत होतो. गोरा परका, इन्स्पेक्टर पोटार्थी, पण हा पुस्तकं वाचलेला, ह्याला एखाद्या ठिकाणी तरी थांबावंसं वाटेल, असं माझ्या मनात कुठं तरी होतं. शाळेनं माझ्यात घातलेलं. ते गळून पडलं. अंग हलकं झालं.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "तुमच्या आईसाहेब तुमच्या वडिलांचं नाव घेतात?"

तो खाटेपासून सरळ उभा राहिला.

"घेत नसतील. तुमच्या घरातही घेत नाहीत. म्हणूनच तुम्हाला ही युक्ती सुचली. कप्तानाला ती सुचली नसती. आईसाहेबांना असं खाटेला बांधून, तहानेनं मारून, तीन परक्या पुरुषांसमोर म्हणायला लावलं असतंत?"

त्याचा चेहरा मायच्या चेहऱ्यापेक्षा लाल झाला.

"काय म्हणतोय तो?" कप्ताननं इंग्रजीत विचारलं.

कोणी बोललं नाही. डॉक्टर सुई पुसायला लागला. इन्स्पेक्टर जमिनीकडं बघायला लागला.

भाषांतर करायचं काम माझं होतं. मी केलं. जे बोललो होतो ते सगळं, शब्दाला शब्द, इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजी पुस्तकी, बोलायची सवय नव्हती. तरी एकही शब्द अडला नाही.

त्यानंतरची थप्पड इन्स्पेक्टरची. माझा चष्मा भिंतीवर जाऊन फुटला. मला ओढून बाहेर काढलं तेव्हा मागून मायचा आवाज येत होता. ती अजून पाणीच मागत होती.

मला कोठडीत ठेवलं. मारलं. काय मारलं ते लिहायची गरज नाही, त्या वर्षी पुष्कळांना मारलं. बापाबद्दल विचारत राहिले. पण खटला भरला नाही. भरला असता तर बंगल्यातली गोष्ट कुठं तरी बोलावी लागली असती. सुटलो तेव्हा शाळेतली जागा गेलेली होती.

मायला त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोडलं होतं; दुसरा दुभाष्या आणायचा म्हणजे आणखी एक साक्षीदार, तो त्यांना नको असावा. तिला काही आठवत नव्हतं. सुई आठवत होती, त्यापुढं नुसता धूर. तसंच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण बंगल्याच्या फाटकावर पहाऱ्याचा शिपाई होता, आमच्याच भागातला, पण गोंडी न येणारा. त्यानं खिडकीपाशी येऊन ऐकलं होतं. ती बाहेर पडताना तो दात काढून म्हणाला, "का वं बुढे, मोठी सोमवार-सोमवार करून राहिली होतीस! नवऱ्याचा एवढा सोस?"

मी घरी पोचलो तेव्हा ती ओसरीवर बसली होती. माझ्या सुजलेल्या तोंडाकडं बघून आधी रडली. मग विचारलं, "बाबू, खरं हाय का? मी नाव घेतलं?"

"तू नाही घेतलंस, माय. औषधानं घेतलं."

"तोंड कोनाचं होतं?"

मी तिच्यापाशी ओसरीवर बसलो.

"तोंड तं माहंच होतं ना," ती म्हणाली.

दिवाळीच्या आत बा गेला. पोलिसांना सापडला नाही, शेवटपर्यंत नाही. खोकला वाढला, ताप भरला, जंगलात औषध कुठलं. ज्यांनी त्याला ठेवून घेतलं होतं त्यांनीच त्याला माती दिली आणि निरोप पाठवला. निरोप आणणारा माणूस ओसरीवर बसला, बोलेना, तेव्हाच मायला कळलं. ती आक्रोश करेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मीच खाल्लं त्याले."

मी तिला समजावलं. किती वर्षं समजावलं. ताप कशानं येतो, फुप्फुसं कशी भरतात, ओल काय करते. पुस्तकं आणली, चित्रं दाखवली. बाचा खोकला तुझ्या त्या दिवसाच्या आधीचा होता, तूच तसं सांगितलंस, मी ऐकलं, असंही म्हणालो. ती ऐकून घ्यायची. मुलगा वाचून दाखवतोय म्हणून माय ऐकते तसं. शेवटी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "तुले पुस्तकातलं माहीत हाय, बाबू."

ती नंतर बाजारात गेली नाही. कुठलाच वार तिनं तोंडातून काढला नाही. शेजारीण कुडावरून काही चेष्टा करायची, माय आत निघून जायची. आणि बाजाराच्या दिवशी ती पाणी प्यायची नाही. दिवस मावळेपर्यंत थेंबही नाही. मी कारण विचारलं नाही. पाण्यासाठी आपण बोललो असू, असं तिच्या मनानं कुठं तरी धरलं असावं. त्या दुपारचं तिला काहीच आठवत नव्हतं, पण तहान आठवत होती.

या वर्षी पोळा झाला आणि ती तापानं पडली. स्वराज्य येऊन थोडेच दिवस झाले होते, शाळेवर कागदी पताका अजून होत्या. शेवटच्या दिवशी ओठ फुटले होते. तसेच ओठ, बंगल्यातले. मी चमच्यानं पाणी लावलं. तिनं तोंड फिरवलं.

"माय, घे ना. काऊन नाई घेत?"

"आज बाजार हाय," ती म्हणाली.

दिवस मावळायची वाट तिनं पाहिली नाही.

माणसं मला म्हणतात, मास्तर, म्हातारी माणूस होती, सुटली. मी मान हलवतो आणि घरी येऊन चकरा मारतो. ती सुटली नाही. तिला त्या खाटेवरून कोणी सोडलंच नव्हतं. पट्ट्या काढल्या, एवढंच.

स्वराज्य आलं तसं शाळेनंही मला परत बोलावलं. आणि गेल्या आठवड्यात मालगुजाराचा, म्हणजे आमच्या जमीनदाराचा, माणूस माझ्याकडं आला. आमच्या गावात नवा दवाखाना उघडतोय. उद्घाटनाला नागपूरहून मोठे डॉक्टर येणार. त्यानं नाव सांगितलं. मी ते पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं. तोच.

"देशभक्त माणूस आहे," मालगुजाराचा माणूस म्हणाला. "आता खादी घालतात. बाजाराच्या दिवशीच ठेवलंय, म्हणजे जंगलाकडची माणसं पण असतील. तेव्हा मास्तर, डॉक्टरसाहेब बोलतील ते तुम्ही गोंडीत सांगायचं. तुमच्याशिवाय कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"मग येताय ना?"

"येतो."

त्याला मी मवाळ वाटलो असेन. मी तसाच दिसतो. फुटलेल्या चष्म्याच्या जागी दुसरा चष्मा, हातात पुस्तक, आवाज खाली. डॉक्टरला मी आठवत असेन असं वाटत नाही. नळ कोणाला आठवतो?

कागद काहीच नाही. त्यांनी ठेवलाच नाही. कप्तान त्याच्या देशी गेला असेल. इन्स्पेक्टर बढतीवर कुठं तरी. माय गेली. त्या खोलीत काय झालं ते सांगू शकणारा आणि सांगण्याची इच्छा असणारा एकटा मी उरलोय. मी गप्प राहिलो तर ते झालंच नाही.

लोक विश्वास ठेवतील का, माहीत नाही. शाळा पुन्हा जाईल, हे माहीत आहे. स्वराज्यातही माणूस ओढून खाली उतरवता येतो, तेही माहीत आहे. मायनं त्या दिवशी सांगितलेली जागा मात्र मी तिथंही बोलणार नाही. इथंही लिहिली नाही. ज्यांनी माझ्या बापाला आंबील दिली ती माणसं अजून तिथं राहतात, आणि ठाण्यातले पोलीस तेच आहेत. फक्त टोप्या बदलल्या.

तेव्हा मी मायचं बोलणं त्यांच्यापर्यंत नेलं नाही. आता त्यांचं बोलणं माझ्या माणसांपर्यंत नेणार आहे. ते मी पाठ केलंय. हिच्याबद्दल कोण विचारणार आहे? हे वाक्य आधी गोंडीत. मग बाजारातल्या बायांसाठी झाडीबोलीत. मग डॉक्टरला समजायला कसलीच अडचण पडू नये म्हणून इंग्रजीत, त्याच्याच शब्दांत. आणि मग त्या प्रश्नाचं उत्तर मीच देणार. मी विचारणार आहे. तिचा मुलगा. हा बाजार.

परवा सोमवार आहे.

व्यासपीठावर त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या मी स्वतः भरून ठेवणार आहे. त्याला पोटभर पिऊ देणार. त्यानंतरच पहिला प्रश्न.